आजोबांना शिकायला पैसे मिळाले, भावाला मोजावे लागले

मुलगा यंदा बारावीला आहे. परवा जेवताना त्यानं सांगितलं, बी.एस्सी. करून पुढं बी.एड. करायचं, शिक्षक व्हायचं. मला बरं वाटलं. त्याच्या आईच्या चेहऱ्यावर मात्र वेगळंच काहीतरी दिसलं. ती एवढंच म्हणाली, "आधी काकाला फोन कर."

हा काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो डी.एड. झाला २००८ साली आणि सरकारी शाळेत पहिला तास घेतला २०२४ मध्ये. मधली सोळा वर्षं आमच्या घरानं कशी काढली ते आम्हालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाऊन शैक्षणिक कर्जाची माहिती घेतली. साहेबांनी कागदावर हिशोब मांडून दिला. तो चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता. उरलेला अर्धा इतिहासात आहे, आणि आपण पालक तो बघत नाही. म्हणून आज जरा लांब लिहितोय. मालेगावात आणि एकूणच कसमाद्यात डी.एड., बी.एड. झालेलं कुणी नाही असं घर शोधावं लागेल. तेव्हा ही पोस्ट फक्त माझ्या घरापुरती नाही.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करतो. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला आयोगाला निवेदन दिलं. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी त्यात आहे, हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण त्याच निवेदनात ते मास्तरांच्या पगारावरही बोलले, ते फारसं कुणी सांगत नाही. प्राथमिक शिक्षक ट्रेंड असावा आणि नांगराला हात लावायची लाज न वाटणारा असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा मास्तराला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, मोठ्या गावात पंधरा ते वीस असावा, असा आकडाच त्यांनी मांडला. त्याच्याकडे गावचे हिशोब तपासायचं किंवा पोस्टाचं काम दिलं तर गावात त्याचा मान वाढेल, असंही सुचवलं.

म्हणजे एकशे चाळीसपेक्षा जास्त वर्षांपूर्वीच या माणसाला कळलं होतं की शिक्षणाच्या गप्पा मारायच्या तर पहिल्या पगाराचा आकडा आधी ठरवावा लागतो.

त्या काळात मास्तर तयार करायची रीत आजच्या उलटी होती. मुंबई इलाख्यातल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळायचं. बदल्यात पुढं शिक्षण खात्यात नोकरी करायची हमी द्यायची. मास्तरची गरज सरकारला आहे, तर तो घडवायचा खर्चही सरकारचा, असा सरळ व्यवहार होता.

माझे आजोबा याच व्यवहारात मास्तर झाले. व्हर्नाक्युलर फायनल पास, म्हणजे सातवी. लोकल बोर्डाच्या शाळेत लागले, नंतर ट्रेनिंगला गेले. ट्रेनिंगच्या काळात घरी पैसे येणं थांबलं नाही, हे आजी आम्हाला कौतुकानं सांगायची. पगार मोठा नव्हता. सायकल घ्यायला त्यांना नोकरीची सहा वर्षं लागली. पण मास्तर होण्यासाठी त्यांनी कुणाकडून एक पैसा उसना घेतला नाही आणि काही गहाण टाकलं नाही. अशिक्षित कुणब्याचा मुलगा गुरुजी झाला तो या रीतीमुळं. फी भरून मास्तर व्हायचं असतं तर तो नांगरामागंच राहिला असता.

स्वातंत्र्यानंतरही हा विचार टिकून होता. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगानं शिफारस केली की शिक्षक-प्रशिक्षण संस्थांमधली शिकवणी फी पूर्ण बंद करावी आणि विद्यार्थ्यांना विद्यावेतन व कर्जाची सढळ सोय करावी. हे लिहिलंय १९६६ मध्ये. ही शिफारस तेव्हाच कायद्यात उतरली असती तर आमच्या घरातली पुढची गोष्ट घडली नसती.

पुढं काय झालं ते माझ्या वयाच्या लोकांनी डोळ्यानं पाहिलंय. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांचं दार उघडलं. सुरुवात इंजिनिअरिंगपासून झाली, मग तेच वारं डी.एड., बी.एड.ला लागलं. डोनेशन इतकं वाढलं की १९८७ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. कायदा झाला. डोनेशनचं नाव मात्र बदलत गेलं, कधी इमारत निधी, कधी विकास निधी, कधी नुसतं 'साहेबांना भेटून घ्या'.

त्यात २००० साल आलं. राज्य सरकारनं शिक्षण सेवक योजना आणली. नवीन शिक्षकाला पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना तीन हजार. काम पूर्ण शिक्षकाचं. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, सगळं तेच. फक्त पैसे वेगळे. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच एका दैनिकाला बातम्या पाठवायला लागलो होतो. मला आठवतंय, तेव्हा फारशी ओरड झाली नाही. तीन वर्षंच तर काढायचीत, पुढं कायम, असं सगळे म्हणायचे. पुढं कायम व्हायचं, हे खरंही होतं. म्हणूनच डी.एड.ला गर्दी झाली.

डी.एड. म्हणजे दोन वर्षांत नोकरी, असं तेव्हा समीकरण होतं. बारावीला चांगले मार्क मिळालेली पोरं इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला जायची. लग्नाच्या बाजारात डी.एड. मुलीला भाव होता. मोसमच्या पलीकडंही हेच. माझा एक जुना मित्र लूमवाल्या घरातला. त्याच्या वडिलांनी दोन लूम विकून मुलीला उर्दू माध्यमाचं डी.एड. केलं. लूम कधी बंद पडेल सांगता येत नाही, मास्तरीण झाली की आयुष्यभराची भाकरी, असा त्यांचा हिशोब. आमच्याकडं कांदा होता, त्यांच्याकडं कापड. दोन्हींचा भाव आपल्या हातात नाही. म्हणून दोन्ही घरांना महिन्याच्या एक तारखेची ओढ.

आता मुख्य गोष्ट. एवढे शिक्षक लागणार आहेत का, हे त्या वेळी कुणी मोजत होतं का? मोजलं गेलं होतं. नवीन बी.एड. कॉलेजांची गरज नाही म्हणून राज्य सरकारनं परवानगी नाकारली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००६ साली निकाल लागला की प्रशिक्षण संस्थांना मान्यता द्यायचा अधिकार केंद्राच्या एन.सी.टी.ई. या परिषदेचा आहे, राज्याला आपलं धोरण पुढं करून ते अडवता येणार नाही. कायद्याच्या अंगानं निकाल बरोबर असेल. पण जमिनीवर असं झालं की कॉलेज मंजूर करणारा एक आणि नोकरी देणारा दुसरा. मंजूर करणाऱ्याला रिकाम्या जागांशी देणंघेणं नाही आणि नोकरी देणाऱ्याच्या हातात कॉलेज नाही.

पुढं महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातूनच २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. यातल्या बहुतेक संस्था निकषात बसत नव्हत्या. देशभराच्या शिक्षक-प्रशिक्षणावर आयोग बसला, त्याचं कारण आपलं राज्य होतं. ही अभिमानाची गोष्ट नाही.

माझ्या भावानं प्रवेश घेतला २००६ मध्ये. कॉलेजचं नाव घेत नाही. फी आणि 'भेटून घ्या' मिळून दोन लाखांच्या घरात गेलं. वडिलांनी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या, उरलेले पतसंस्थेतून उचलले. आईनं पाटल्या काढून देताना फक्त एवढं विचारलं, "दोन वर्षांत सुटतील ना?" वडील हो म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्या वेळी सगळ्यांना तसंच वाटत होतं.

२००८ ला भाऊ पास झाला. २०१० मध्ये भरतीसाठी सीईटी झाली, थोड्या मार्कांनी गेली. पुढच्या वर्षी बघू म्हणालो. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, राज्यभर पटपडताळणी झाली. तीन दिवसांत पोरं मोजली आणि बोगस पट उघडा पडला. पोरंच नाहीत म्हटल्यावर शिक्षक जास्त ठरले. मग २ मे २०१२ ला आदेश निघाला की अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत नवीन भरती नाही. ज्यांनी खोटा पट दाखवला ते संस्थाचालक होते. शिक्षा भोगली ती नोकरीच्या रांगेतल्या पोरांनी.

शिक्षण हक्क कायद्यामुळं टीईटी आली, राज्यात ती २०१३ मध्ये पहिल्यांदा झाली. २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी आली. त्या चाचणीवरची पहिली निवड यादी लागायला ऑगस्ट २०१९ उजाडला. २०२१ च्या शेवटी टीईटी घोटाळा उघड झाला, परीक्षा परिषदेचे आयुक्तच अटकेत गेले, हजारो उमेदवार अपात्र ठरले. अभ्यास करून पास झालेल्यांच्या प्रमाणपत्राकडंही लोक संशयानं बघायला लागले. दुसरी अभियोग्यता चाचणी २०२३ मध्ये झाली, यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली. अकरा हजारांवर उमेदवारांची निवड झाली, त्यात माझा भाऊ होता. वय सदतीस.

या सोळा वर्षांत त्यानं एका खासगी इंग्रजी शाळेत शिकवलं, सहीला एक आकडा आणि हातात दुसरा. शिकवण्या घेतल्या. दोन सिझन कांद्याच्या खळ्यावर मुनीमकी केली. पतसंस्थेचं कर्ज वडिलांनी फेडलं, आठ वर्षांत, मूळ रकमेपेक्षा जास्त व्याज भरून. पाटल्या सुटल्या नाहीत. त्या सराफाकडंच मोडल्या.

आईच्या पाटल्यांवरून मी एकदा बसून हिशोब केला. २००० साली सोनं तोळ्याला सुमारे ४,४०० रुपये होतं. शिक्षण सेवकाच्या तीन हजारात सात ग्रॅमच्या आसपास सोनं येत होतं. नंतर मानधन सहा हजार झालं. २०१२ मध्ये सोनं ३१ हजारांच्या आसपास होतं, म्हणजे सहा हजारात दोन ग्रॅमसुद्धा धड येईना. ते सहा हजार जवळपास दहा वर्षं हललं नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं कान टोचले तेव्हा सरकार जागं झालं. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार झालं. त्या जानेवारीत सोनं ५७ हजारांच्या घरात. सोळा हजारात पावणेतीन ग्रॅम. वाढ झाली म्हणून पेढे वाटले, पण २००० सालचा शिक्षण सेवक २०२३ मधल्यापेक्षा सोन्याच्या मापानं जवळपास अडीच पट श्रीमंत होता.

आता दुसरा हिशोब. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० आहे. जानेवारी २०२३ चा महागाई भत्ता ४२ टक्के धरला तर घरभाडं सोडूनही ते ४१ हजारांच्या वर जातं. शिक्षण सेवकाला मिळतात १६ हजार. फरक महिन्याला पंचवीस हजारांचा, तीन वर्षांत नऊ लाखांचा. बी.एड.साठी आपण बँकेकडून दोन-तीन लाख घ्यायला घाबरतो, पण प्रत्येक नवीन शिक्षक सरकारला नऊ लाख बिनव्याजी देतो, तेही परत न मिळणारे. याला कर्ज म्हणत नाहीत म्हणून ते आपल्या हिशोबात येत नाही.

बँकेच्या साहेबांनी मांडलेला कागद समोर आहे. समजा मुलाच्या बी.एड.च्या दोन वर्षांसाठी फी, खोली, मेस धरून तीन लाख काढले. व्याज दहा टक्के धरा. शिकतानाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. तोपर्यंत कर्ज पावणेचार लाखांवर जातं. दहा वर्षांचा हप्ता बसतो महिना पाच हजारांच्या आसपास. कायम शिक्षकाला तो जड नाही, पगाराचा आठवा भाग जाईल फार तर. माध्यमिकच्या १८ हजारांवाल्या शिक्षण सेवकाला जड आहे, पाव भागापेक्षा जास्त जातो. आणि ज्याला नोकरीच लागली नाही त्याला हा हप्ता म्हणजे पाटल्या.

बँकेचा कागद अर्धा म्हणालो तो यासाठी. बँक गृहीत धरते की शिक्षण संपल्यावर वर्षभरात पोरगा कमवायला लागेल. आमच्या घरात ते वर्ष सोळा वर्षांचं झालं. मित्राच्या बहिणीचं तर अजून संपलेलं नाही. शिक्षणाचा खर्च फीच्या पावतीवर दिसतो. थांबण्याचा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही आणि तोच सगळ्यात मोठा असतो.

शिवाय नियम मधेच बदलतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, डी.एड.च लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ बाकी असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. मुलांच्या शिक्षणाचा दर्जा हा मुद्दा मला मान्य आहे. पण पोरानं पाच वर्षं शिकून बाहेर पडेपर्यंत कोणता कागद चालेल, हे आज त्याला कोण लिहून देणार?

काही जण म्हणतील, एवढं रडायचं तर शिक्षक होऊच नका. मला ते पटत नाही. चांगली पोरं या पेशाकडं फिरकली नाहीत तर नुकसान आपल्याच गावच्या शाळेचं आहे. आणि ज्यांच्या घरी पाच एकर बागायत किंवा बापाची संस्था आहे तेवढेच सोळा वर्षं थांबू शकतील. मग नांगराशी नातं असलेला मास्तर, जो फुल्यांना हवा होता, तो येणार कुठून?

माझं म्हणणं सरकारकडं तीन गोष्टींचं आहे. एक, दरवर्षी प्रवेश सुरू होण्याआधी जिल्हा, माध्यम आणि विषयवार किती शिक्षक लागणार आहेत ते जाहीर करा आणि तेवढ्याच्या प्रमाणात जागा भरा. दोन, शिक्षण सेवक हा प्रकार बंद करा. परिविक्षा काळ ठेवायचा तर ठेवा, पण पूर्ण मूळ वेतनावर. तीन, डी.एड., बी.एड.साठी काढलेल्या कर्जाचं व्याज नेमणूक मिळेपर्यंत सरकारनं भरावं. कोठारी आयोगानं यापेक्षा जास्त मागितलं होतं.

आणि पालकांना एवढंच सांगतो. मुलगी असेल तर २०२४ पासून लागू झालेली फी माफी तुम्हाला बसते का ते आधी बघा. सरकारी आणि अनुदानित कॉलेजची जागा मिळत असेल तर लांबचं असलं तरी तेच घ्या. प्रवेशासाठी पावती न देता कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. आणि कर्ज काढायचंच तर हप्ता सोळा-अठरा हजारांवर मोजा, कायम पगारावर नको. त्यातही नोकरी नसताना दोन-तीन वर्षं तो भरता येईल का, हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा. आमच्याकडं २००६ मध्ये हे कुणी ठरवलं नव्हतं.

मुलानं काकाला फोन केला. भाऊ सध्या पालघर जिल्ह्यात एका पाड्यावरच्या शाळेत आहे. सोळा हजारातले चार हजार खोलीभाडं, बाकी जेवण, गाडीचं पेट्रोल आणि इकडं बायकापोरांना. मला वाटलं तो पोराला परावृत्त करेल. अर्धा तास दोघं बोलले. मधे मला पोराचं हसणं ऐकू आलं. पाड्यावरची पोरं काय काय विचारतात ते काका सांगत होता.

फोन झाल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? पोरगा म्हणाला, "काका म्हणाले हो बिनधास्त मास्तर, पण पप्पांना सांग, आजीचं काही गहाण ठेवायचं नाही."

बँकेचा कागद अजून टेबलावर आहे. सही केलेली नाही. मुलगा सरकारी आणि अनुदानित कॉलेजांची यादी काढतोय. तुमच्या घरात असा कागद पडला असेल, किंवा पडून गेला असेल, तर लिहा. किती भरले आणि पहिला पगार किती वर्षांनी आला, एवढे दोनच आकडे लिहिलेत तरी चालेल.